देवाचा मान आणि भक्ताचे खरेपण : ख्रिस्ती भक्तिपरंपरेचा एक आढावा

ज्या देवासमोर पायांतले जोडे काढून, मान लववून उभे राहायचे, त्याच देवासमोर मनातला राग, शंका, निराशा आणि स्वतःविषयीची लाज जशीच्या तशी उघडी करावी की नाही, हा प्रश्न ख्रिस्ती भक्तीच्या इतिहासात निरनिराळ्या रूपांत पुन्हा पुन्हा पुढे आला आहे. पवित्र शास्त्रात दोन्ही बाजूंचे दाखले विपुल आहेत. जळत्या झुडपासमोर मोशे तोंड झाकून घेतो आणि मंदिरातल्या दर्शनात यशयाला आपल्या अशुद्ध ओठांची भीती वाटते. पण अब्राहाम सदोम नगरासाठी देवाशी घासाघीस करतो आणि यिर्मया तर देवाने आपल्याला फसवले असे त्याच्या तोंडावर सांगतो. आदर आणि प्रामाणिकपणा या परस्परांना तोडणाऱ्या वृत्ती आहेत, एक वाढली की दुसरी घटणारच, असा समज यातून सहज होतो आणि अनेक भक्तिपुस्तकांनी तो जोपासलाही आहे. परंपरेचा एकूण प्रवास पाहिला तर मात्र असे दिसते की देवाविषयीच्या आदराला खरा धोका भक्ताच्या तक्रारीपासून क्वचितच उद्भवला. तो बहुतेक वेळा खुशामतीपासून आणि देवाची बाजू राखण्यासाठी बोललेल्या असत्यापासून उद्भवला.

नीतिसूत्रे आणि ईयोब या ग्रंथांनी ज्ञानाच्या मुळाशी ठेवलेले ‘परमेश्वराचे भय’ म्हणजे नेमके काय, हे आधी पाहणे आवश्यक आहे. चौथ्या-पाचव्या शतकांच्या संधिकाळातील ऑगस्टीन यांनी या भयाचे दोन प्रकार मानले. शिक्षेच्या धाकाने वाटते ते दासभय आणि प्रिय व्यक्ती दुरावेल या काळजीने वाटते ते शुद्ध भय, ज्याला पुढील धर्मपंडितांनी पुत्रभय असेही म्हटले. ऑगस्टीन यांचाच दाखला घ्यायचा तर व्यभिचारी पत्नी पती घरी येईल म्हणून घाबरते आणि एकनिष्ठ पत्नी तो सोडून जाईल म्हणून घाबरते. बाहेरून दोघींची भीती सारखी दिसली तरी आतून ती उलट दिशांना ओढते. या भेदाचा प्रामाणिकपणाशी थेट संबंध आहे, कारण दासभय माणसाला लपवायला शिकवते, तर दुसऱ्या प्रकारच्या भयात लपवणे हाच नाते तुटण्याचा आरंभ ठरतो. जर्मन धर्मचिंतक रुडॉल्फ ओटो यांनी 1917 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पवित्राच्या अनुभवात थरकाप आणि ओढ एकाच वेळी असतात असे प्रतिपादन केले, ते याच जुन्या निरीक्षणाचे आधुनिक रूप मानता येईल.

संदेष्ट्यांनी, म्हणजे देवाच्या वतीने लोकांना सुनावणाऱ्या प्रवक्त्यांनी, ओठांनी देवाचा मान आणि अंतःकरण मात्र दूर अशा उपासनेवर कठोर टीका केली. आमोसाच्या ग्रंथात तर न्याय नाकारणाऱ्यांचे सण, होम आणि गीते देवाला नकोशी झाल्याचे सांगितले आहे. नव्या करारातील दोन प्रसंग हाच धागा आणखी बारीक करतात. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथातील हनन्या आणि सप्पीरा हे दांपत्य जमीन विकून काही रक्कम मागे ठेवते आणि सगळी दिल्याचे भासवते. रक्कम त्यांचीच होती आणि ती ठेवून घेण्याची त्यांना मुभाही होती, हे पेत्र स्पष्ट करतो. अपराध ठरतो तो दानाचा देखावा. लूकच्या शुभवर्तमानातील परूशी आणि जकातदार यांच्या दाखल्यात गुंतागुंत अधिक आहे. आठवड्यातून दोनदा उपास करतो आणि दशांश देतो असे परूशी सांगतो. त्यातले एकही विधान खोटे असल्याचे दाखला म्हणत नाही. तरीही ती प्रार्थना अप्रामाणिक आहे, कारण तिच्यात मागणारा माणूसच नाही. खरी विधाने करूनही खोटे उभे राहता येते ही जाणीव ख्रिस्ती भक्तिविचारात येथून रुजली, आणि पुढील सगळ्या आत्मपरीक्षणाच्या पद्धती, 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून निदान एकदा बंधनकारक केलेल्या पापनिवेदनापासून इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेल्या नित्याच्या परीक्षणापर्यंत, कमीअधिक प्रमाणात याच जाणिवेवर उभ्या राहिल्या.

या प्रश्नाचा सर्वांत खोल विचार मात्र ईयोबाच्या ग्रंथात आहे आणि तेथे थोडे थांबणे भाग आहे. मुले, संपत्ती आणि आरोग्य गमावलेल्या ईयोबाजवळ अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र सात दिवस मूक बसून राहतात. त्यांचे मौन संपते तेव्हा देवाच्या न्यायाचे समर्थन सुरू होते. देव न्यायी आहे, म्हणून दुःख भोगणारा दोषी असलाच पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद आहे आणि त्यातील अनेक वाक्ये एखाद्या स्तोत्रात शोभावीत इतकी श्रद्धाळू आहेत. ईयोब उलट जन्मदिवसाला शाप देतो, देवावर खटला भरू पाहतो आणि तेराव्या अध्यायात मित्रांना विचारतो की देवाची बाजू घेण्यासाठी ते असत्य बोलणार आहेत काय. तसे असेल तर त्यांनी गुप्तपणे केलेला हा पक्षपात देव स्वतःच उघडा पाडील, असेही बजावतो. वावटळीतून बोलणारा देव ईयोबाला त्याची मर्यादा दाखवतो आणि ईयोब तोंडावर हात ठेवतो, हा भाग सर्वांना ठाऊक असतो. त्यानंतर बेचाळिसाव्या अध्यायात देव मित्रांवर संतापतो, ते त्याच्याविषयी ईयोबाप्रमाणे यथार्थ बोलले नाहीत असे सांगतो आणि त्यांच्यासाठी ईयोबानेच प्रार्थना करावी असे ठरवतो, याकडे तितके लक्ष जात नाही. ज्यांनी देवाचा मान राखला त्यांनाच येथे क्षमेची गरज पडते. ईयोबाच्या आरोपांना देव उत्तर देत नाही, ते खरे होते असेही म्हणत नाही. पण ते देवाला उद्देशून केलेले होते आणि मित्रांचे समर्थन देवाविषयी असले तरी देवाशी नव्हते, हा फरक ग्रंथाने शेवटपर्यंत जपला आहे. मित्रांपैकी एकजणही संपूर्ण ग्रंथात एकदाही देवाशी बोलत नाही.

हा ग्रंथ पचवणे मंडळीला, म्हणजे चर्चला, सोपे गेले नाही. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी लिहिलेल्या विस्तृत भाष्यात ईयोब हे ख्रिस्ताचे आणि मंडळीचे प्रतीक ठरते, मित्र पाखंड्यांचे प्रतिनिधी ठरतात आणि जन्मदिवसाच्या शापालाही रूपकात्मक अर्थ दिला जातो. मध्ययुगीन युरोपने शतकानुशतके ईयोब वाचला तो बव्हंशी या भाष्यातून, आणि त्यात संयमी ईयोब उरला, तक्रार करणारा ईयोब मागे पडला. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी रूपक बाजूला ठेवून ग्रंथाचा शब्दार्थ लावायचे ठरवले आणि ईयोबाच्या वादाकडे खरोखरचा वाद म्हणून पाहिले. माणूस देवाशी वाद घालतो हे अनुचित वाटेल, पण समोर कोण आहे यावरून सत्य बदलत नाही आणि जो सत्य बोलतो त्याचा कोणाशीही वाद घालताना पराभव होत नाही, असा निर्वाळा त्यांनी तेथे दिला. विद्वान संन्याशाच्या शांत भाषेत केलेले हे विधान ख्रिस्ती परंपरेतील अत्यंत धाडसी विधानांपैकी एक मानावे लागते. जिनिव्हामध्ये 1554-55 या काळात ईयोबावर 159 प्रवचने देणारे जॉन कॅल्व्हिन मधला मार्ग काढतात : ईयोबाची बाजू चांगली पण मांडणी वाईट, मित्रांची बाजू वाईट पण मांडणी चांगली. हे निरीक्षण मार्मिक असले तरी देवाने शेवटी कोणाच्या बोलण्याला यथार्थ ठरवले, त्याचा पूर्ण भार ते पेलत नाही.

देवासाठी असत्य बोलावे काय, हा प्रश्न ईयोबाच्या कथेपुरता राहिला नाही. ऑगस्टीन यांनी असत्यावर दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले, पहिला इ. स. 395 च्या सुमारास आणि दुसरा 420 च्या सुमारास. पहिल्यात असत्याचे आठ प्रकार सांगताना धर्म शिकवण्यात बोललेले असत्य त्यांनी सर्वांत घातक ठरवले. दुसऱ्याचे निमित्त असे की स्पेनमधील, पाखंडी ठरवलेल्या प्रिसिलियनच्या अनुयायांना पकडण्यासाठी काही श्रद्धाळू लोक त्यांच्याच पंथाचे असल्याचे सोंग घेऊ पाहत होते. सत्याच्या रक्षणासाठीही हे सोंग चालणार नाही, कारण सत्य शिकवणाराच खोटे बोलतो असे एकदा दिसले की त्याच्या कोणत्याही शब्दावर विश्वास ठेवायला आधार राहत नाही, असे ऑगस्टीन यांनी उत्तर दिले. मंडळीने हा उपदेश नेहमीच पाळला असे नाही. सम्राट कॉन्स्टंटाईनने पश्चिमेकडील सत्ता पोपला दिल्याचे सांगणारे दानपत्र शतकानुशतके प्रमाण मानले गेले. त्यातील लॅटिन चौथ्या शतकाचे असूच शकत नाही, हे इटालियन विद्वान लॉरेन्झो व्हाला यांनी 1440 मध्ये दाखवून दिले.

संतचरित्रांच्या क्षेत्रात हा संघर्ष आणखी बोलका आहे. बोलांडिस्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या येशूसंघीय विद्वानांनी 1643 पासून अँटवर्पमध्ये संतांची चरित्रे मूळ हस्तलिखितांवरून तपासून प्रकाशित करायला सुरुवात केली. संतांना खोट्या चमत्कारांची गरज नाही, हीच त्यांची भक्ती होती. त्यांच्यापैकी दानिएल पापेब्रोख यांनी कार्मेल संघाची स्थापना एलिया संदेष्ट्याने केली या समजुतीला आधार नसल्याचे लिहिले, तेव्हा त्या संघाने तक्रारींचा वर्षाव केला आणि 1695 मध्ये स्पेनमधील धर्मन्यायालयाने या ग्रंथमालेच्या खंडांवर बंदी घातली, जी पापेब्रोख यांच्या मृत्यूनंतरच उठली. दुसरे उदाहरण अधिक कोवळे आहे. फ्रान्समधील लिझ्यू येथील कार्मेल मठात 1897 मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी मरण पावलेल्या तेरेझ यांच्या आत्मकथनाने पुढे जगभर वाचक मिळवले. पण 1898 मध्ये ते प्रसिद्ध करताना त्याच मठात राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या बहिणीने हजारो ठिकाणी मजकूर बदलला होता आणि मूळ वह्यांचा पाठ 1956 मध्ये प्रथम उपलब्ध झाला. बहिणीचा हेतू प्रेमाचा आणि आदराचाच होता. तरीही आयुष्याच्या शेवटच्या दीड वर्षात तेरेझ यांना घेरणारा अंधार, स्वर्ग आहे की नाही याविषयी मनात उठणारे नास्तिकांचे युक्तिवाद आणि त्यांतही त्यांनी न सोडलेली प्रार्थना, हे मूळ पाठात ज्या उग्रपणे येते ते वाचल्यावर त्यांच्याविषयीचा आदर कमी होतो असे म्हणणारा वाचक विरळाच.

प्रार्थनेच्या प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळले तर स्तोत्रसंहिता हा या आढाव्याचा मध्यबिंदू ठरतो. तिच्यातील 150 स्तोत्रांपैकी फार मोठा वाटा विलापस्तोत्रांचा, म्हणजे संकटातून देवाला केलेल्या आक्रोशाचा आहे. बहुतेक विलाप शेवटी विश्वासाकडे वळतात, पण अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वळत नाही. ते अंधारातच संपते आणि तरीही उपासनेच्या पुस्तकात टिकून राहिले. कॅल्व्हिन यांनी 1557 च्या भाष्यात स्तोत्रांमध्ये मानवी मनाचा प्रत्येक भाव आढळतो असे म्हटले होते, आणि त्यांनीच प्रार्थनेसाठी जे चार नियम घालून दिले त्यांत पहिला देवाविषयीच्या आदराचा आणि दुसरा स्वतःच्या गरजेच्या खऱ्या जाणिवेचा आहे. स्वतःला नको असलेली गोष्ट केवळ रीत म्हणून मागणे ही देवाची थट्टा आहे, असा त्यांचा दुसऱ्या नियमामागील रोख आहे. गेथशेमाने बागेत येशूने दुःखाचा प्याला टळावा अशी तीनदा विनंती केली आणि वधस्तंभावर बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीचा त्यागल्याचा आक्रोश उच्चारला, हे लक्षात घेतले तर विलाप हा अपुऱ्या श्रद्धेचा प्रकार आहे, हे मत ख्रिस्ती माणसाला टिकवून धरता येत नाही.

असे असूनही उपासनेतून कटू स्तोत्रे गाळण्याची प्रवृत्ती थोर माणसांतही दिसते. जॉन वेस्ली यांनी 1784 मध्ये उत्तर अमेरिकेतील मेथडिस्टांसाठी उपासनापुस्तक तयार केले तेव्हा ख्रिस्ती मंडळीच्या तोंडी शोभत नाहीत म्हणून काही स्तोत्रे पूर्णपणे वगळली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर 1971 पासून आलेल्या सुधारित नित्यप्रार्थनेतून शत्रूंना शाप देणारी 58, 83 आणि 109 ही तीन स्तोत्रे काढण्यात आली आणि इतर काहींमधील ओळीही गाळल्या गेल्या. त्यासाठी मानसिक अडचण हे कारण दिले गेले. शत्रूवर प्रेम करायला शिकवलेल्या माणसाने शाप गावेत काय, हा आक्षेप क्षुल्लक नाही. पण ज्याच्या घरावर अन्याय झाला आहे त्याच्या मनात सूडाची भाषा असतेच. ती देवापुढे बोलून तेथेच सोडायची सोय उपासनेने काढून घेतली तर ती भाषा नाहीशी होत नाही, केवळ देवाच्या कानाआड जाते. अमेरिकन अभ्यासक वॉल्टर ब्रुगमन यांनी 1986 च्या एका निबंधात विलाप हरवल्यास देवाशी असलेल्या करारात माणसाची बाजूच मुकी होते, असा इशारा दिला, तो येथे पटण्याजोगा आहे.

मराठी ख्रिस्ती परंपरेचा या प्रश्नाशी संबंध वरवरचा नाही. पंडिता रमाबाई यांनी 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर लगेचच तेथील मठातील सिस्टर जेराल्डिन व चेल्टनहॅमच्या शिक्षणतज्ज्ञ डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार सुरू झाला, जो 1977 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्रैक्याचा सिद्धांत, ख्रिस्ताचे देवत्व, मंडळीचा अधिकार यांपैकी जे मनाला पटलेले नाही ते पटले असे म्हणायला त्यांनी नकार दिला, आणि पुरोहितांचे एक जोखड झुगारून आल्यावर दुसरे मानेवर घेणार नाही ही भूमिका त्यांनी आपल्या हितचिंतकांनाच निक्षून कळवली. त्या पत्रांतील धार वाचून सिस्टर जेराल्डिन यांना अहंकार दिसला. दुसरी बाजू अशी की ज्या स्त्रीने आपला जन्मधर्म सोडण्याची किंमत मोजली होती, तिने नव्या धर्मात ओठांपुरते मत उच्चारले असते तर तिचे पहिले पाऊलच व्यर्थ ठरले असते. बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनी पुढे स्वतःच्या साक्षीत, म्हणजे श्रद्धेच्या अनुभवाच्या जाहीर निवेदनात, मोकळेपणाने नोंदवले. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 मध्ये जे आध्यात्मिक जागरण झाले त्यात मुली आणि स्त्रिया एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत, रडत आणि पापांची कबुली देत. शिस्तप्रिय लोकांना हे अमर्याद वाटले, पण रमाबाईंनी ते दाबले नाही. त्याच रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून साध्या मराठीत आणलेले संपूर्ण पवित्र शास्त्र त्यांच्या निधनानंतर 1924 मध्ये प्रकाशित झाले, हे लक्षात घेतले की पत्रांतील तीक्ष्ण प्रश्न आणि शास्त्राविषयीचा आयुष्यभराचा आदर एकाच मनाचे होते हे उघड होते.

नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि आपण तुकारामांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. विठ्ठलाशी भांडणारी, त्याला कठोर बोल सुनावणारी आणि त्याच दमात त्याच्या पायांवर डोके ठेवणारी अभंगवाणी त्यांच्या रक्तातच होती. म्हणून त्यांच्या भजनांत परक्या स्तुतिगीतांचा ताठरपणा नाही, ख्रिस्ताशी जवळिकीची भाषा आहे, जरी तिच्यात भांडणापेक्षा ओढ अधिक आहे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रामध्ये हाच खरेपणा वेगळ्या अंगाने येतो : पतीच्या धर्मांतराने झालेला आघात, विरहाचा काळ, सोवळ्याओवळ्याचा पगडा आणि तो हळूहळू सुटत गेल्याचे टप्पे त्या लपवत नाहीत, आणि धर्मांतराच्या कथेला उपदेशाचा मुलामा देत नाहीत. मिशनरी वाङ्मयात रचीव साक्षींची परंपरा असताना हे पुस्तक टिकले, त्यामागे हे एक कारण निश्चित आहे.

विसाव्या शतकात या प्रश्नाला नवी तीव्रता आली ती खाजगी लेखन उजेडात आल्यामुळे. इंग्रज लेखक सी. एस. लुईस यांनी 1940 मध्ये दुःखाच्या समस्येवर तर्कशुद्ध ग्रंथ लिहिला होता. 1960 मध्ये पत्नी वारल्यावर त्यांनी वहीत उतरवलेला शोक पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाला तो टोपणनावाने, कारण देवाचे दार आपल्या तोंडावर बंद झाल्याची त्यातली भाषा त्यांच्या वाचकांच्या अपेक्षेत बसणारी नव्हती. लिझ्यूच्या तेरेझ यांचे नाव घेतलेल्या मदर तेरेसा यांनी सुमारे अर्धशतक देवाच्या सान्निध्याचा अनुभव नसताना सेवा केली आणि हे केवळ आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना पत्रांतून सांगितले. ती पत्रे नष्ट करावीत अशी त्यांची इच्छा होती. ती 2007 मध्ये प्रकाशित झाली तेव्हा काहींनी त्यांना ढोंगी ठरवले. हा आरोप टिकत नाही, कारण मार्गदर्शकांपासून आणि देवापासून त्यांनी काहीही लपवले नव्हते. त्यांच्या बऱ्याच ओळी तर थेट येशूला उद्देशूनच आहेत. मात्र त्यांच्या इच्छेविरुद्ध ती पत्रे छापणे योग्य होते काय, हा प्रश्न त्यांच्या संतपदाने मिटत नाही.

व्यक्तीपेक्षा संस्थेचा प्रामाणिकपणा अवघड असतो. जर्मनीतील प्रॉटेस्टंट मंडळींच्या नेत्यांनी 19 ऑक्टोबर 1945 रोजी स्टुटगार्ट येथे नाझी राजवटीतील आपल्या अपुऱ्या धैर्याची कबुली दिली, पण त्या निवेदनात ज्यूंचा उल्लेख नव्हता. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 12 मार्च 2000 रोजी रोममध्ये क्षमायाचनेची उपासना केली आणि सत्याच्या रक्षणासाठी शुभवर्तमानाला न शोभणारी साधने वापरल्याची कबुलीही तिच्यात होती, म्हणजे ऑगस्टीन यांचा सोळाशे वर्षांपूर्वीचा आक्षेप वेदीपुढे मान्य झाला. तेथेही दोष मंडळीच्या लेकरांचा, खुद्द मंडळीचा नव्हे, असा भेद राखला गेला आणि त्यावर धर्मपंडितांत मतभेद झाले. मुलांवरील लैंगिक अत्याचारांच्या बाबतीत हा भेद फारच महाग पडला, कारण पवित्र संस्थेची बदनामी टळावी या नावाखाली अनेक देशांत अधिकाऱ्यांनी अपराधी धर्मगुरूंना एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवले आणि पीडितांना गप्प राहायला सांगितले. ईयोबाच्या मित्रांचा युक्तिवाद येथे प्रशासनाची पद्धत बनला होता. पोप फ्रान्सिस यांनी ऑगस्ट 2018 मध्ये सर्व श्रद्धाळूंना लिहिलेल्या पत्रात लहानांची काळजी घेण्यात मंडळी उणी पडल्याचे लाजेने मान्य केले, आणि 17 डिसेंबर 2019 रोजी जाहीर झालेल्या आदेशाने अशा खटल्यांवरील पोपीय गुप्ततेचे बंधन उठवण्यात आले, ज्यामुळे पीडितांना आणि साक्षीदारांना बोलण्यापासून रोखण्याचा आधार मंडळीच्या कायद्यात उरला नाही.